अम्मीला विचारायला आलेले तिघे

आमच्या गल्लीतले निम्मे नवरे एका शुक्रवारी दुपारी बिनलग्नाचे झाले. आज सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी कुणाची हसायची हिंमत नव्हती.

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. मी बारावीला होते आणि अब्बांचं क्लासेसच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. माझ्या मोठ्या बहिणीचा, आपाचा, निकाह पुढच्या महिन्यात ठरला होता. मुलाचे वडील आमच्याच मशिदीच्या कमिटीत होते, म्हणून अब्बांची मान जरा ताठ झाली होती.

त्यातच गल्लीतले म्हातारे मास्तर गेले. ते पलीकडच्या मशिदीत जायचे. दोन्हीकडं कुरआन एकच, नमाज एकच. भांडण काय ते दर्ग्यावर चादर चढवायची की नाही, असल्या गोष्टींवरून. मास्तरांच्या जनाज्याची नमाज साहजिकच पलीकडच्या इमामांनी पढवली आणि निम्मी गल्ली त्यांच्यामागं उभी राहिली. अब्बा तर पहिल्या रांगेत.

पुढच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजेला, आमच्या मशिदीतल्या नव्या मौलानांनी फर्मावलं, की त्या इमामामागं जे जे उभे राहिले ते इस्लाममधून बाहेर गेले. त्यांचे निकाह तुटले. रविवारी दुपारच्या, असरच्या नमाजेनंतर सगळ्यांनी मशिदीत यावं, कलमा पढून पुन्हा मुसलमान व्हावं आणि निकाह नव्यानं लावून घ्यावा. माणूस तरुण, बाहेरगावचा, आवाज असा की भल्याभल्यांचे पाय लटपटावेत. एकानंही उठून 'का' म्हणून विचारलं नाही.

अब्बांनी घरी येऊन हे सगळं जमिनीकडं बघत सांगितलं. अम्मी मेथी निवडत बसली होती.

"म्हणजे आता मी तुमची कोण?" तिनं विचारलं.

"अगं, रीत आहे नुसती. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचं? आणि मागचा सगळा संसार हराम होता म्हणायचा?"

घरात आम्ही दखनी बोलायचो, त्यामुळं तिचं बोलणं इथं लिहिलंय त्यापेक्षा चांगलंच तिखट होतं.

ती गप्प बसणारी नव्हती. भूकंप झाला त्याच दिवशी मास्तरांनी जीप करून गल्लीतल्या माणसांना किल्लारीकडं नेलं होतं. अब्बाही गेले होते. ढिगाऱ्यातून काढलेली माणसं, लेकरं त्यांनी हातांनी उचलली होती. परत आले तेव्हा अम्मीनं अंगणातच त्यांच्या अंगावर पाणी ओतलं, आणि कितीतरी दिवस त्यांना घास गिळवत नव्हता. तेच तिनं काढलं. "तिथं मयताची नमाज कोण पढवतंय, कुठल्या मशिदीचा आहे, विचारलं होतं कुणी? तेव्हा नाही तुटला तुमचा निकाह. आणि ज्यानं तुम्हाला तिथं नेलं त्याच्या मातीला गेलात म्हणून तुटला?"

"मला कळत नाही का हे?" अब्बा एकदम ओरडले. "पण पोरीचं काय?"

खरी गोम तिथं होती. दुकानाचं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. चाकूर-कंधारकडून आलेली पोरं नोट्स झेरॉक्स करताना दुकानदाराचा निकाह शाबूत आहे का, हे विचारत नसतात. पण मुलाच्या वडिलांचा निरोप संध्याकाळीच येऊन धडकला: आधी तुमचा निकाह पुन्हा लावा, मग आम्ही वरात आणू.

अम्मीनं निरोप ऐकून घेतला. आत जाऊन तिनं मेथी चुलीवर टाकली. आम्हाला वाटलं, चला, तयार झाली.

रविवारी अब्बांनी पांढरा सदरा घातला आणि कुणाकडं न बघता मशिदीत गेले. शेजारची भाभी भिंतीवरून चेष्टा करून गेली, "मेंदी भिजवू का गं नवरीसाठी?" पण तिचेही डोळे सुजलेले होते.

आता निकाहाची पद्धत अशी, की नवरदेव पुरुषांत बसतो आणि वकील दोन साक्षीदार घेऊन नवरीकडं तिची संमती विचारायला येतो. पहिला नंबर आमच्या घराचा. अम्मीचा वकील म्हणून तिचे सख्खे मोठे भाऊ, आमचे मामू, आले. सोबत कमिटीतले दोघं. पडद्याच्या अलीकडं उभं राहून मामूंनी अब्बांचं नाव घेतलं आणि विचारलं, कबूल आहे का?

"भाईजान, आधी एक सांगा," पडद्याआडून अम्मी म्हणाली. "निकाह तुटला, हे नक्की ना?"

"मौलाना म्हणतात तसं."

"म्हणजे मी मोकळी बाई. आणि मोकळ्या बाईच्या होकाराशिवाय निकाह होतो का?"

"नाही होत. पण तू आता उगीच..."

"मग माझं नक्को."

मामू हसले. त्यांना मस्करी वाटली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, "नक्को." तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज कापत होता. तिचा नाही कापला. ते दोघे साक्षीदार स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. मी मनातून म्हणत होते, शाब्बास अम्मी! आपा माझ्या शेजारीच बसली होती. तिचा चेहरा पार उतरला.

मशिदीत काय झालं ते मामूंनी मागून सांगितलं. पुरुष हो म्हणाले की झालं, असाच सगळ्यांचा हिशेब होता; बायकांना विचारायचं म्हणजे विचारल्यासारखं करायचं. शेवटी मौलाना अब्बांना म्हणाले, बाई राजी होत नाही तोवर त्या घरात पाऊल टाकू नका. परक्या बाईचं घर आहे ते.

अब्बा दिवस मावळताना, मगरिबच्या आधी गल्लीत आले. दारादारात बायका उभ्या होत्या. ते उंबऱ्याबाहेर थांबले. मला वाटलं, आता हे अम्मीवर हात उचलणार, नाहीतर पाठ फिरवून कायमचे जाणार. आयुष्यात मी एवढी घाबरले नाही कधी.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," अम्मी आतूनच म्हणाली. "मी तुमची आहे का नाही?"

त्यांनी दारादारातल्या बायकांकडं एकदा बघितलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हौ. पहिल्यापासून आहेस." आणि चपला काढून आत आले. अम्मी चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे वडील आले. चहाला हातही लावला नाही. शेवटचं म्हणून म्हणाले, "निकाह राहू द्या. निदान माझ्यासमोर कलमा तरी पढा, मी कमिटीत सांभाळून घेतो."

"मी रोज पढतो," अब्बा म्हणाले. "तुमच्या परवानगीनं पढणार नाही."

ते उठले आणि ठरलेलं लग्न मोडून निघून गेले. माझ्या अंगावर अभिमानानं काटा आला. अम्मीनं पदरानं डोळे टिपले आणि अब्बांकडं असं बघितलं, जसं आम्ही तिला कधी बघताना पाहिलं नव्हतं. जिंकलोच की आम्ही! आठवडाभर मौलानांचा तो हुकूम कुणी तोंडावर आणला नाही. बाकीच्या घरांत कुणी विचारायला गेलंच नाही; तिथले निकाहही गुपचूप तसेच राहिले.

त्या सकाळच्या गडबडीत आपा आतल्या खोलीत गेली होती आणि तिनं कडी लावून घेतली होती. दुपारचं ताट तसंच दाराशी निवलं. शेवटी अम्मी दाराला टेकून बसली आणि म्हणाली, "बेटी, असल्या माणसांच्या घरी तुला कशी देणार होते मी? उघड ना दार."

आपा आतून म्हणाली, "अम्मी, तुमच्याकडं निदान तिघं विचारायला आले होते."