जरा मागं घ्या

माझी काकू खाली उतरल्याशिवाय काकांची जीप डोंगर चढत नसे. काका भोरचे. पुण्याच्या लोकांना वेल्ह्याकडचे डोंगरातले प्लॉट दाखवायचे. त्या लोकांना ते ‘पार्टी’ म्हणत. डांबरी संपून चिखल लागला की काका स्टिअरिंग न सोडता म्हणत, “उतर गं.” काकू निऱ्या खोचून उतरायची. काका पार्टीकडे वळून सांगत, “आमचा फोर-व्हील उतरला बघा.” पार्टी हसायची.

त्या जुन्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांना मधोमध हाताने फिरवायची एकेक चकती होती. तिला हब म्हणत. ती फिरवली नाही, तर आत लिव्हर कितीही ओढा, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचत नाही. ती नुसती मागच्यांच्या रेट्याने घरंगळतात. काकू याला “चाकं जुंपणं” म्हणायची. परत डांबरीवर आलं की पुन्हा उतरून ती “सोडायची”. चकतीत चिखल बसला, तर केसांतल्या आकड्याने कोरून काढायची.

कधी चकती अर्ध्यातच अडायची. मग चाक थोडं हलवावं लागे. काकू वाकलेलीच ओरडायची, “जरा मागं घ्या!” आणि काका घ्यायचे. लगेच. “बास!” म्हटलं की थांबायचे. काकूने सांगितलं आणि काकांनी ऐकलं, हे मी फक्त तिथेच पाहिलं.

सुट्टीच्या दिवशी मी मागच्या सीटवर असे, बहुतेक गप्पच. एकदा काकूने मला खाली बोलावलं. “विंग्लिश साळंची ना तू? वाच, काय लिवलंय.”

“एकीकडे लॉक, एकीकडे फ्री.”

“फ्री म्हंजी फुकट?”

“इथे मोकळं.”

“म्हंजी मोकळं ऱ्हायलं की जोर न्हाई,” ती चाकाकडे बघत म्हणाली. “जोर पायजे तर जुंपून घ्या. बरंय की!” आणि एकटीच हसली.

ती एवढ्या चिखलात आनंदाने का उतरते, हे मला उशिरा कळलं. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, त्याच वाटेवर तिचं माहेर होतं. काका पार्टीला प्लॉट फिरवून आणेपर्यंत ती आईपाशी जाऊन बसायची. आई अंथरुणाला खिळलेली. पावसाळ्यात त्या वाटेने दुसरी गाडी जात नव्हती, आणि काका तिला मुद्दाम म्हणून कधीच घेऊन गेले नसते. “जीप हाय म्हनून आय दिसती,” एवढंच ती म्हणायची.

मग काकांनी नवी गाडी घेतली. तिच्या हबला हात लावायचं काम नव्हतं. आत बसूनच बटण दाबायचं. पहिल्या फेरीला काकू आईसाठी मऊ भाताचा डबा घेऊन गाडीपाशी उभी राहिली.

“तू कुठं?” काकांनी विचारलं.

“अहो, आईकडं.”

“आता उतरायचं काम न्हाई तुला. पार्टीची मानसं हाईत. जागा कुठंय?”

त्या पावसाळ्यात एकदाही जागा झाली नाही. भाद्रपदात आई गेली, तेव्हा काकू भोरच्या स्वयंपाकघरात होती.

तेराव्याला आम्ही सगळे तिच्या माहेरी गेलो. जेवणं उरकल्यावर काकांनी गाडी सुरू केली. “चल, बस.”

काकू ओट्यावरून हलली नाही. “मी हितंच ऱ्हाते.”

“घरी कोन करनार?”

“तुमी बगा.”

काकांनी गिअर टाकला आणि आम्ही निघालो. मागच्या काचेतून ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. वाटलं, राहिली एकदाची.

दिवाळीच्या आधी तिच्या भावानेच तिला एसटीने भोरला आणून सोडलं. भावजयीला ती जड झाली होती. भाऊ दारात पिशवी ठेवून, पाणीही न पिता निघून गेला. काकू उंबऱ्यापाशीच थांबली. सोफ्यावर दोन परके लोक बसले होते. काकांनी मोबाईलमधून मान वर केली.

“आलीस? चहा टाक. पार्टी आलीय.”