पाच जणांची लाइन

बारावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही अबू धाबीजवळ, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहत होतो. व्हिला म्हटलं की गावाकडचे लोक भुवया उंचावतात, म्हणून सांगून टाकतो: त्या व्हिलात सात कुटुंबं होती आणि स्वयंपाकघर एकच. आमची गॅसची पाळी पहाटे साडेचार ते सव्वापाच. पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या पाळीची बाई कुकर हातात घेऊन दारात उभी.

पप्पा जवळच्या मुसाफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका यार्डात रिगर होते, म्हणजे क्रेनला लोखंड बांधून देणारे. आई शाळेच्या बसवर अटेंडंट. मुलांना चढवायचं, पट्टा लावायचा, उतरवायचं. त्या वर्षी यार्डातलं काम निम्म्यावर आलं आणि पप्पांचा पगारही. मला शहाऐंशी टक्के मिळाले होते. पप्पांनी मार्कशीट दोनदा वाचली, घडी घालून पासपोर्टच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "एक वर्ष थांबू."

त्यांच्या 'थांबू'चा अर्थ मला कळत होता. पप्पा दहावी, आई सातवी. गावाकडचे चुलते-मामे धरले तरी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. मीही गेलो नसतो तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. हेच मला सगळ्यात जास्त लागत होतं.

मग मी पार्टटाइमचं परमिट काढून पाण्याच्या गाडीवर लागलो. पाच गॅलनच्या बाटल्या घरोघरी, ऑफिसात पोचवायच्या. अंगाने मी आधीच दांडगा. सहा फूट एक इंच, एकशे आठ किलो. "हा कुणावर गेला?" हा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न, आणि "रेशनवर," हे पप्पांचं ठरलेलं उत्तर.

एकदा एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी द्यायचं होतं आणि लिफ्ट बंद होती. दोन खांद्यांवर दोन बाटल्या घेऊन मी जिना चढलो. वर एक धिप्पाड अमेरिकन सर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं.

"इथे विद्यार्थी आहेस?"

"नाही सर. पाणी आणलंय."

"ते दिसतंय. विद्यार्थी का नाहीस?"

इतक्या सरळ मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बाटल्या खाली ठेवल्या आणि सरळच उत्तर दिलं. ते इतिहास शिकवायचे आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच होते. कॉलेज टीमच्या खेळाडूंना फीमध्ये मोठी सवलत द्यायचं. पुढच्या सेमिस्टरला मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला दाखल झालो. खेळ कसा असतो हे मला अजून माहीत नव्हतं.

घरी समजावताना माझी फजिती झाली. "फुटबॉल, पण पायाने नाही खेळत," मी म्हणालो.

"मग फुटबॉल का म्हणतात?" आईने विचारलं.

"ते सोड. आमच्यात एक क्वार्टरबॅक असतो, बॉल फेकणारा. त्याच्यापुढे पाच जाडजूड लोक ओळीने उभे राहतात, ती लाइन. समोरचे त्याला आडवा करायला धावून येतात आणि आम्ही त्यांना अडवायचं. मी डावीकडचा शेवटचा. तो उजव्या हाताने फेकतो ना, म्हणून डावीकडून येणारा त्याला दिसत नाही."

"तू बॉल कधी फेकणार?"

"मी नाही फेकत."

"झेलणार?"

"नाही."

पप्पा म्हणाले, "म्हणजे रिगरच की. लोड उचलते क्रेन. खालचे आपण, आपल्याला कोण बघतंय?" त्यांना खेळ कळला तो असा. मात्र हेल्मेटची किंमत ऐकून ते उठून बसले. "चारशे दिरहम? म्हणजे साडेनऊ हजार रुपये! अरे, आत ठेवायचा माल तरी तेवढ्याचा आहे का?"

आमची लाइन म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. पाच खेळणारे आणि दोन राखीव. इतर कॉलेजांकडे राखीवच सात-आठ असायचे. आमच्या सातांपैकी हा खेळ आधी खेळलेला फक्त एक, मधोमध उभा राहणारा एक इमिराती, म्हणजे इथलाच, मुलगा. बाकी आम्ही सगळे त्याच वर्षी शिकलेले. माझ्या शेजारी एक मल्याळी मुलगा असायचा. त्याने शाळेत फक्त कॅरम खेळला होता आणि तो ते अभिमानाने सांगायचा. इमिराती मुलगा आम्हाला "यल्ला, चला म्हाताऱ्यांनो!" म्हणून उठवायचा आणि आम्ही चुकलो की आभाळाकडे बघून "इन्शाल्ला", देवाची इच्छा, म्हणायचा. तो इन्शाल्ला शिवीपेक्षा लागायचा.

पहिल्या सामन्यात जे झालं ते मी आता हसत सांगतो. तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. माझ्यासमोरचा खेळाडू घसरून पडला आणि मागे सरकताना माझा पाय त्याच्या खांद्यावर पडला. आता पाय लागला की काय करायचं, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. मी वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात छातीला लावला. हे सगळं खेळ चालू असताना. माझ्या बाजूने त्यांचा दुसरा माणूस मोकळा धावत गेला आणि त्याने आमच्या क्वार्टरबॅकला असा उचलून आपटला की त्याचं हेल्मेट तिरकं झालं.

क्वार्टरबॅक जॉर्डनचा. दिसायला हिरो, केसांना कायम जेल. तिरक्या हेल्मेटमधून तो ओरडला, "हबीबी, तू त्याला आशीर्वाद देत होतास?"

कोचनी मला बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर बसलो तेव्हा मल्याळी मुलगा हळूच म्हणाला, "भाई, प्रॅक्टिस में मैंने भी दो बार किया था. किसी ने देखा नहीं."

घरी सांगितलं तेव्हा माझी धाकटी बहीण पोट धरून हसली. "ओ माय गॉड, यू सेड सॉरी टु द एनिमी?" आईला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ती पोळ्या लाटत होती.

"पाय लागल्यावर नमस्कार करायचाच," ती म्हणाली. "पण माझ्या बसमध्ये एखादं पोर चालत्या गाडीत उठलं, सॉरी म्हणायला का होईना, तर मी त्याला खाली दाबते. गाडी थांबली की ऊठ, काय म्हणायचं ते म्हण. तुमची गाडी थांबल्याचं कळतं की नाही?"

"शिट्टी वाजते."

"मग झालं तर."

मी हे कोचना सांगितलं. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "तुझी आई नोकरी शोधते आहे का?" त्या दिवसापासून शिट्टी वाजेपर्यंत मी दगड. शिट्टी वाजली की ज्याला पाय लागला असेल त्याच्याकडे जाऊन हात लावून यायचा. मल्याळी मुलगाही करू लागला, मग बाकीचेही. समोरचे आधी बुचकळ्यात पडायचे. एका टीमचा भलामोठा नायजेरियन मुलगा स्वतःच खांदा पुढे करून उभा राहायचा, "माझं राहिलं."

आम्ही सुधारत होतो, पण माणसं कमी होत होती. डिसेंबरात इमिराती मुलाची डिग्री पूर्ण झाली आणि तो नोकरीला लागला. जाताना त्याने प्रत्येकाच्या हेल्मेटवर एक टपली मारली. म्हणजे लाइनीत खेळ येणारा होता तो एकटाही गेला. एका राखीव मुलाचं कुटुंब कॅनडाला गेलं. आता उरलो बरोबर पाच. सगळे पहिल्या वर्षाचे, मागे कुणी नाही.

आमच्या छोट्या लीगचा नियम असा होता की सुरुवातीला किंवा मध्येच, लाइनीत पाच उभे करता आले नाहीत तर सामना खेळलाच नाही असं धरायचं, आणि तसं दोनदा झालं तर टीम बाद. जानेवारीत दोघांना एकदम ताप आला आणि एक सामना तसा गेला. त्यानंतर कॉलेजच्या ऑफिसातून आम्हा सवलतवाल्यांना पत्र आलं: टीमने सीझन पूर्ण केला तर सवलत पुढच्या वर्षी चालू. टीम बाद झाली तर सवलतही बंद.

ते पत्र मी घरी वाचून दाखवलं. गोष्ट लपवायची रीत आमच्यात नाही, सात कुटुंबांत लपतही नाही. पप्पा म्हणाले, "एक सामना राहिलाय ना? पडू नकोस." आई म्हणाली, "आम्ही येतो." तोवर ते दोघं एकदाही आले नव्हते, कारण सुट्टीच्या दिवशी मिळेल तो ओव्हरटाइम पप्पा सोडत नसत आणि आई एकटी येत नसे.

फेब्रुवारीतला शनिवार होता, दुपारी साडेतीनची वेळ. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, लग्नाला यावं तसे. आई पायऱ्यांवर सगळ्यात पुढे बसली. शेवटच्या भागात आम्ही मागे होतो. तेवढ्यात माझ्या शेजारचा मल्याळी मुलगा एका ढिगाऱ्याखालून बाहेर आला तो लंगडत. दोन पावलं टाकली आणि बसला. घोटा एवढ्यातच टम्म सुजला होता.

"मैं खेलता हूँ," तो म्हणाला. उभा राहायला गेला आणि पुन्हा बसला. त्याचीही सवलत त्याच पत्रातली होती.

त्याला धरून बाहेर नेलं. आम्ही चौघं ओळीत उभे राहिलो, मध्ये त्याची जागा रिकामी. पंच कोचकडे बघत होते आणि कोच बाकाकडे. बाकावर होते ते सगळे पळणारे, सडपातळ, आणि लाइनीत यायला कुणी मान वर करत नव्हता. मी शेजारच्या रिकाम्या गवताकडे बघत होतो आणि मनात एकच आकडा होता, एक वर्ष. एकच वर्ष कॉलेज पाहिलं, असं मी पुढे लोकांना सांगणार होतो.

पायऱ्यांवरून आईचा आवाज आला. बसमधली डोकी दिवसातून आठ वेळा मोजणाऱ्या बाईचा तो आवाज, अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. "चारच आहेत! अहो, चारच आहेत! पाचवा कुठाय?"

"आई, प्लीज!" बहिणीने तोंडावर ओढणी घेतली.

मराठी कुणाला कळलं नाही, पण बाई बोटं दाखवून चार म्हणते आहे हे सगळ्यांना कळलं. आमच्या क्वार्टरबॅकने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आणि तो अंगातली जर्सी काढू लागला. लाइनीत उभं राहायला ठरावीक नंबरांचीच जर्सी लागते. त्याने मल्याळी मुलाची, घामाने निथळणारी, अंगात घातली. ती त्याला नाइट ड्रेससारखी दिसत होती.

कोच म्हणाले, "आणि फेकणार कोण?"

"कुणीही," तो म्हणाला. "पाच पाहिजेत ना?"

बॉल फेकायला दुसरा मुलगा आला. त्याने सामन्यात तोवर एकदाही फेकला नव्हता. आणि वर्षभर ज्याच्या केसाला धक्का लागू नये म्हणून आम्ही मार खाल्ला, तो हिरो माझ्या उजव्या खांद्याशी येऊन वाकला. वजन जेमतेम बहात्तर किलो.

"काय करायचं?" त्याने विचारलं. खरंच घाबरला होता.

"खाली बस. अजून खाली. ढकलायला जाऊ नकोस, फक्त वाटेत राहा. उरलेलं मी बघतो."

पहिल्याच वेळी समोरच्याने त्याला उताणा पाडला. शिट्टीनंतर मी हात देऊन उठवला. तोंडात गवत होतं. "तुम्ही रोज हे खाता?"

"दोन वेळा."

"मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

अकरा मिनिटं उरली होती. त्या अकरा मिनिटांत मी माझा आणि अर्धा त्याचा, असा दीड माणूस अडवला. माझ्या उजव्या हाताचं बोट उलटं वळलं आणि ते आजही पूर्ण मिटत नाही. हिरो नऊ वेळा पडला आणि नऊ वेळा उठला. दहाव्या वेळी तो पडला नाही आणि या गोष्टीचा त्याला इतका आनंद झाला की खेळ संपायच्या आत त्याने हात वर केले आणि कोचनी त्याला शिव्या घातल्या. नव्या मुलाने चार बॉल फेकले. एकही कुणाला झेलता आला नाही, पण त्याला कुणी हात लावू शकलं नाही.

आम्ही चौदा गुणांनी हरलो. पप्पा पायऱ्या उतरून आले, माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "हरलात ना? मग सगळे नाचताय का?"

"पप्पा, सामना पूर्ण झाला."

त्यांनी हिरोच्या पाठीवर थाप मारली. इतकी जोरात, की तो दिवसभरात दहाव्यांदा पडायचाच बाकी होता. आईने डब्यातले बेसनाचे लाडू काढले, आधी लंगड्याला, मग बाकीच्यांना. समोरच्या टीमचेही दोघं रांगेत येऊन उभे राहिले.

जूनमध्ये ऑफिसचं पत्र आलं: सवलत चालू. पुढच्या वर्षी लाइनीसाठी नऊ नवीन मुलं आली. त्यांना शिकवायला मी आणि मल्याळी मुलगा होतो, म्हणजे आता आम्ही अनुभवी. मी अजून तीन सीझन डावीकडे शेवटचा उभा राहिलो. बॉलला माझा हात शेवटपर्यंत लागला नाही.

चौथ्या वर्षी मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, प्रथम श्रेणीत. आमच्या घरातली ती पहिली पदवी.