मेंढरांमागून आलेली शोभाताई

तरुण पोरापोरींसाठी काम करणारी आमची संस्था. इथं कामापेक्षा किस्से जास्त होतात. सतरंज्या झटकायला घेतल्या की धुळीसोबत एकेक वर येतो. त्यातले निम्मे शोभाताईचे. बाईचं सगळं करिअर त्या किश्श्यांतच आहे, बायोडाटात काही नाही.

ताई मेंढपाळाची लेक. लहानपण मेंढरांमागं, या शेतातून त्या शेतात मुक्काम करत गेलं. शाळा झाली ती तुकड्यातुकड्यांनी. इंटरव्ह्यूत आमच्या साहेबांनी विचारलं, "टीम लीडरनं कुठं चालावं?"

"मागं," ताई म्हणाली. "पुढं चाललं की मागची कुणाच्या तरी तुरीत शिरतात."

नोकरी मिळाली. साहेब ते वाक्य अजून प्रत्येक भाषणात वापरतात. स्वतःचं म्हणून.

*

मी अकरावीत कॉलेज सोडलं आणि राणीसावरगावच्या पारावर बसायला लागलो. येणारा-जाणारा म्हातारा विचारायचा, "आता काय करणार?" स्वतः जन्मभर काय केलं, ते एकही सांगत नव्हता.

एका दुपारी ताई येऊन शेजारी बसली. समोर कापसावरून ढगाची सावली सरकत होती, पाण्यावरून होडी जावी तशी. ती पार दिसेनाशी होईपर्यंत बाई तिकडंच बघत बसली. मग म्हणाली, "ढग पालमकडं चाललाय. तुला कुटं जायचंय रं?"

जिंदगीत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सेंटरवर गेलो. भांडायला, असलं विचारणारी तू कोण म्हणून. अजून तिथंच आहे.

*

पालमजवळच्या एका गावात पुढाऱ्यानं आमची मीटिंग अडवली. या लोकांना पोरं लागतात ती फक्त सभेला गर्दी करायला.

"पोरापोरींना एका जागी बसवून काय शिकवता तुमी?"

"एका जागी बसायला," ताई म्हणाली.

पुढारी रागानं खुर्ची उचलून निघून गेला. खुर्ची शाळेची होती.

*

गेल्या हिवाळ्यात ताईला जिंतूरचं सेंटर सांभाळायला मिळणार होतं. तेवढ्यात तिच्या वडलांचा, आबांचा फोन आला. भाऊ पुण्याला कंपनीत लागलेला, मेंढरांमागं कुणी नाही. "बास झाली नोकरी. न्यायला यायलोय."

मी म्हटलं, "ताई, न्हाई म्हण की."

"तू म्हणतोस का तुझ्या बापाला?"

"रोज."

"मग?"

"मग जेवायला कुणी बोलवत न्हाई."

आबा आले तेव्हा आमचं सत्र चालू होतं. सगळ्यांनी सतरंजीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि आपण आत्ता कुठं असावं ते पाळीपाळीनं सांगायचं. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. कुणी समुद्रावर होतं, कुणी बर्फात, कुणी नुसतंच उडत होतं.

"आबा, टेका जरा," ताई म्हणाली. "हे झालं की निघू."

निघू म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

आबा चालून दमलेले. पोरांच्या रांगेत आडवे झाले, पटका डोळ्यांवर ओढला. पाळी फिरत फिरत त्यांच्यापाशी आली. शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "आबा, तुमी."

झोपला म्हातारा, असं वाटलं.

"एस्टीत हाय," पटक्याखालून आवाज आला. "खिडकीला बसलोय. वारं लागायलंय. गाडी लय लांब चाललीय."

"आन् मेंढरं, आबा?" ताईनं विचारलं.

आबांनी पटका आणखी खाली ओढला.

"कोणची मेंढरं?"