अहिराणी बोलणारं गाव आणि कंपनीची नोटीस

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा जाता जाता माझ्या लॅपटॉपवर एक गेम टाकून गेली. म्हणाली, तुला करमणार नाही, शेती कर. मी जळगावात मेहरूणला राहते, शाळेत भूगोल शिकवते. गेम ही मुलांच्या हातातून काढून घ्यायची वस्तू, एवढीच माझी त्यातली समज. पण पंधरा दिवसांत पडद्यावरचं माझं वावर पिकानं भरलं आणि सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले.

त्या गेममध्ये एक लहानसं गाव होतं. त्यात बियाण्यांचा दुकानदार, एक लोहार, एक भांडखोर म्हातारी. सगळे इंग्रजीत बोलायचे. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. धुळ्याच्या एका मुलीला वाटलं. आम्ही खानदेशातले खेळणारे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतो, तिथली आमची ओळख. ती आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची आणि कंप्युटरची कुठलीही फाईल उघडून बघायची तिला खोड होती. एके दुपारी तिने त्या म्हातारीच्या तोंडी अहिराणी वाक्य घालून फोटो ग्रुपवर टाकला. लोक हसून हसून बेजार झाले. मी तिला फोन केला आणि आमचं ठरूनच गेलं: मी जळगावला बसून संवाद लिहायचे, तिने धुळ्यात ते गेममध्ये बसवायचे.

दुकानदाराला आवाज होता, तोही बदलायचा होता. तिचे वडील एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. आयुष्यभर भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचवलेला तो आवाज. “ये भाऊ, बस. काय जोयजे तुले?” एवढं वाक्य त्यांनी एका दमात दिलं आणि विचारलं, तिकीट पण फाडू का.

सात-आठ महिन्यांनी सगळं तयार झालं. तेव्हा आम्ही एक गोष्ट केली, जी त्या वेळी सेवाच वाटली होती. लोकांना जोडाजोडीची कटकट नको म्हणून मूळ गेम, त्याची चित्रं, संगीत आणि आमची अहिराणी असं सगळं एकत्र बांधून इंटरनेटवर फुकट ठेवलं. वर गेमचंच नाव दिलं. सुरतेहून, नाशिकहून, दुबईहून निरोप येऊ लागले. एकाने लिहिलं की त्याच्या मुलांना गावची भाषा पहिल्यांदा गोड लागली. मी तो निरोप स्टाफरूममध्ये तिघींना वाचून दाखवला.

मग एका सोमवारी, मधल्या सुट्टीत, गेम बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाची ईमेल आली. भाषा सभ्य होती. गेम आमच्या मालकीचा आहे, तुम्ही तो परवानगीशिवाय वाटत आहात, सात दिवसांत काढून टाका. पुढच्या तासाला मी मुलांना नद्यांऐवजी पर्वत शिकवून आले.

ग्रुपवर बातमी गेली आणि जो काही गोंधळ उडाला! पहिल्या तासाभरात लोकांनी कंपनीच्या गेमला पाचपैकी एकच तारा द्यायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, हा अहिराणीवर हल्ला आहे. बोदवडच्या एका उत्साही गृहस्थांनी कलेक्टरना निवेदन द्यायचं ठरवलं, त्याचा मसुदाही टाकला. कलेक्टरांनी नेमकं काय करावं हे मात्र त्यात नव्हतं. कंपनीच्या पानावर आमच्या लोकांनी अहिराणीत ठेवणीतल्या शिव्या वाहिल्या. तिथल्या कर्मचाऱ्याने प्रत्येकीखाली इंग्रजीत लिहिलं, प्रेमाबद्दल आभार. ते वाचून मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

एकच माणूस वेगळं बोलला. अमळनेरचे एक फोटोग्राफर. लग्नाचे फोटो काढायचे. त्यांनी लिहिलं की त्यांनी काढलेले फोटो दुसरे लोक आपल्या जाहिरातीत बिनदिक्कत वापरतात, तेव्हा कसं वाटतं ते त्यांना माहीत आहे. कंपनीचं काय चुकलं? दहा मिनिटांत त्यांना गद्दार ठरवून ग्रुपमधून काढलं. काढणाऱ्यांत मी नव्हते. पण मी गप्प बसले, आणि ग्रुपची एक अॅडमिन मीच होते.

रविवारी एस.टी.ने धुळे गाठलं. आबांची मुलगी रडून बसली होती. तिचं म्हणणं, काढायचं नाही, काय करतील ते करू दे. मीही तिच्याच बाजूने बोलत होते, आपण एक पैसा घेतला नाही वगैरे. आबा कळण्याची भाकरी खात शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की ज्यांनी आपल्याकडून गेम घेतला त्यांनी कंपनीकडून विकत घेतला होता का. बहुतेकांनी घेतला नव्हता.

“वावर त्यास्नं शे,” आबा म्हणाले. “आपण चांगलं पेरं, पन इचारं नही. आते इचारा.”

त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले.

त्याच दुपारी आम्ही सगळं काढून टाकलं. मग दोघींनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. चूक कबूल केली, अहिराणी म्हणजे काय ते सांगितलं, आणि विचारलं की फक्त आमचे शब्द आणि आबांचा आवाज वेगळा ठेवला, ज्याने गेम विकत घेतलाय त्यानेच तो जोडून घ्यायचा, तर चालेल का. उत्तराची आशा नव्हती. ग्रुपवर मी पत्राची प्रत टाकली तेव्हा बरेच जण रागावून निघून गेले. बोदवडचे गृहस्थ माझ्याशी अजून बोलत नाहीत.

फोटोग्राफरांना मी स्वतः फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, “ताई, मलाही तुमची अहिराणी आवडायची. म्हणून तर वाईट वाटलं.” मी त्यांना परत ग्रुपवर घेतलं आणि का घेतलं तेही तिथे लिहिलं.

दीड महिन्याने कंपनीचं उत्तर आलं. या वेळी वकिलाचं नव्हतं. भाषांतराचं काम बघणाऱ्या कुणा बाईंचं होतं. शब्द आणि आवाज वेगळे ठेवा, गेमचं नाव आणि चित्रं वापरू नका, पैसे घेऊ नका, मग आमची हरकत नाही. खाली त्यांनी विचारलं होतं की दुकानदाराचा आवाज कुणाचा, ऑफिसात सगळ्यांना फार आवडला.

धुळ्याच्या मुलीने तो मेल छापून आबांना वाचून दाखवला. आबांनी चष्मा लावून कागद स्वतः पाहिला, इंग्रजी असूनही पूर्ण पाहिला, आणि घडी घालून खिशात ठेवला.

आता आमची अहिराणी पूर्वीपेक्षा फार कमी लोक घेतात. आधी गेम विकत घ्यायचा म्हटलं की उत्साह ओसरतो. पण जे घेतात ते चुका कळवतात, नवे शब्द सुचवतात. मागच्या महिन्यात आबा साक्रीला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभे होते. त्यांनी पुढच्याला जरा सरकायला सांगितलं, तर तो गर्रकन वळला आणि म्हणाला, “तुमी बियानाना दुकानवाला शेतस का?” आबांनी हो म्हटलं. त्याने त्यांना आपल्या जागेवर पुढे घेतलं.