हिरव्या धाग्याचा पेनड्राइव्ह

माझ्या काकांवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. काका अमरावतीच्या दवाखान्यात टेबलावर बेशुद्ध होते. तिथे डॉक्टर त्यांच्या गळ्यातलं स्वरयंत्र काढत होते आणि इथे अकोल्यात त्यांचा आवाज पुसला जात होता. योगायोग समजून सोडून दे, असं मला चारचौघांनी सांगितलं. मी सोडत नाही.

काका भोंग्याच्या रिक्षासाठी पुकारा करायचे. साड्यांचा सेल, उद्या नळ येणार नाही, कोणाची म्हैस हरवली, सगळं त्यांच्या तोंडून. आधी घसा खाकरायचे, मग बोलायचे. पोरं नक्कल करायची. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बोलून ते पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि तो रिक्षातल्या मशीनला लावायचे. मशीन बिनडोक. पेनड्राइव्हमध्ये असेल ते सगळं ओळीनं वाजवतं. म्हणून या धंद्यात पेनड्राइव्ह रोज सकाळी पुसतात, नाहीतर श्रद्धांजलीच्या मधेच सेल सुरू. जो पुसायचा नाही, त्याला धागा बांधतात. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

ऑपरेशन ठरलं तसा काकांनी रिक्षांच्या मालकाच्या दुकानातून मिळालेल्या एका पेनड्राइव्हला काकूच्या हिरव्या लोकरीचा धागा बांधला. मग रोज संध्याकाळी दार लावून बोलत बसले. कॉम्प्युटरची हार्डडिस्क कधीची भरलेली, वरून करकर वाजायची. म्हणून सगळं थेट पेनड्राइव्हवरच. पेनड्राइव्ह लावायची पुढची खाच सैल. मागच्या खाचेत लावायला कॉम्प्युटरचा डबा तिरपा करावा लागायचा. दाराबाहेर आम्हाला ऐकू यायचं. "च्या टाक व." "पोरी, हेल्मेट घाल." "मले काही दुखत नाही." प्रत्येक वाक्य दोनदा: एकदा रागानं, एकदा नीट. आणि रोज कालच्यापेक्षा घोगरं.

काकू एकदा ओरडली, "काहून बोलून राहिले भितीसंगं?"

"तुह्यासंगं पुढं भांडाले माल जमा करून राहिलो," आतून उत्तर आलं.

ती हसली. मग तोंडाला पदर लावून मोरीकडे गेली.

त्या दुपारी काकू आणि बाबा दवाखान्यात होते. मला पेनड्राइव्ह आणि छोटा स्पीकर घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. शुद्धीवर आल्यावर काका बटण दाबून काकूशी बोलणार होते. सगळं वाजतं का ते मी बघत होते, तेवढ्यात रिक्षांच्या मालकाचा माणूस आला. काकांच्या डब्यातलं वर्षानुवर्षं जेवलेला.

"दुकानाचे पेनड्राइव्ह दे. प्रचार सुरू झाला, कमी पडून राहिले."

"याले धागा हाये, दादा. काकांचा आवाज हाये त्यात."

"आवाज तं तिकडं कापून राहिले ना?"

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. 'आता काढू शकता' असं पडद्यावर आल्याशिवाय काका कधी हात लावत नसत. त्यानं मला कोपरानं सारलं आणि उपसून घेतला. धागा दातानं तोडून टेबलावर ठेवला.

मी मागोमाग धावले. दुकानाशी पोचले तोवर तोच पेनड्राइव्ह पुसून, लावून रिक्षा निघालीही होती, कोण्या उमेदवाराचं गाणं वाजवत. मालक म्हणाला, "पेनड्राइव्ह माहा. आवाजही माह्याच भोंग्यावर कमावलेला. कायचा अन्याय?"

प्रचार संपल्यावर पेनड्राइव्ह फेकल्यासारखा परत मिळाला. दुरुस्तीवाल्यानं खूप खटपट केली. वरून प्रचाराचं इतकं भरून झालं होतं की एकच तुकडा हाती लागला: माइकपुढे घसा खाकरणारे काका. पुढे शब्द नाही. काकू तो लावते. खाकरणं ऐकते आणि थांबते. काका समोरच बसलेले असतात, गळ्याला भोक, भिंतीकडे बघत. तेही थांबतात.

पेनड्राइव्ह दुकानाचा असेल. माणसाचा आवाज कोणाच्या दुकानाचा?

आता तुम्ही. अकोला, अमरावती, पार धामणगावपर्यंत ज्यांनी ज्यांनी काकांकडून पुकारा करून घेतला, ते सगळे. तुमच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, मंडळाच्या पेटीत, बंद पडायला आलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत काकांनी तेव्हा भरून दिलेले पेनड्राइव्ह अजून असतील. फॉरमॅट करायचं का, असं पडदा विचारेल. नाही म्हणा. उठा, आत्ता लावून ऐका. आधी खाकरणं आणि मग शब्द निघाले, तर आमच्या घरी आणून द्या. साड्यांचा सेल असला तरी चालेल.