शटर उघडं हाय का?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. "वन्सं, ह्यास्नी काय तरी झालंय. गाडीम्होरं पडल्यात. लगेच या..." एवढंच ती बोलली. भाऊ पडला म्हटल्यावर बहीण काय विचारेल? शुद्धीवर आहे का, डॉक्टरांना बोलावलं का, असंच काहीतरी. माझ्या तोंडून निघालं, "शटर उघडं हाय का?" वहिनी म्हणाली, "व्हय, उघडंच हाय की." मी गॅस बंद केला आणि अंगावरच्या साडीनिशी रिक्षा पकडली. मंगळवार पेठेत त्याच्या घरी पोहोचले तोवर अण्णा गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे अण्णाच्या स्वभावाबद्दल बोलतात, त्याच्या मोठ्या आवाजाबद्दल, त्याच्या हातच्या तांबड्या रश्श्याबद्दल. मी मान डोलावते, पण माझ्या डोक्यात ते शटरच असतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. नोकरी सरकारी कचेरीत केली, पण जीव सगळा गाडीत. मी धाकटी, आणि जन्माची भित्री. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहते. त्यामुळे आमच्या घरात एक रिवाजच पडून गेला होता. वाईट बातमी मला सगळ्यांत शेवटी सांगायची, आणि तीही धुऊन-पुसून. वडिलांचं ऑपरेशन होऊन ते घरी आल्यावर मला कळलं. मामी गेली तेव्हा 'जरा बरं नाही' एवढ्यावर मला मामाच्या गावी, कोडोलीला नेलं, आणि दारातली माणसं बघून मी काय ते समजले. "शालीला सांगू नका, भिईल," हे वाक्य मी दाराआडून इतक्या वेळा ऐकलं आहे की चांगल्या बातमीचीही मला धास्ती वाटते.

गाडी अण्णानं जुनीच घेतली होती. पांढरी, कार्बोरेटरची. हल्लीच्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटर बघतो, त्या गाडीत अण्णा बघायचा. तिनं मला पहिल्यांदा घाबरवलं ते जोतिबाहून उतरताना. यात्रा उरकून गर्दी ओसरली म्हणून आम्ही गेलो होतो. कपाळभर गुलाल, मांडीवर प्रसादाचं खोबरं. पहिल्याच वळणावर अण्णानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मात्र चालतच होती, खाली. मी अंबाबाईचा धावा सुरू केला. "शाले, गप बस. मला आयकू दे," अण्णा म्हणाला. बंद इंजिनात काय ऐकणार, कोण जाणे... पण त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली, इंजिन उठवलं, आणि पायाचा चवडा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर अशी कसरत करत आम्हाला पायथ्याला आणलं. खाली आल्यावर मी रडायला लागले तर म्हणाला, "आता रड. घाटात रडून काय उपेग?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गाडीला नवीन खोड लागली. पळताना ठीक, पण उभी राहून नुसती चालू असली की थरथरायची. एक ठोका नीट, दोन चुकलेले, मग सगळं अंग झटकून पुन्हा एक नीट. "आयडलिंगला मिसिंग मारतीया," अण्णा सगळ्यांना सांगायचा, घरातलं माणूस आजारी असल्यासारखं. त्याची रीत ठरलेली होती. अंदाजानं काही बदलायचं नाही. एकेक गोष्ट तपासायची, ती निर्दोष ठरली की मगच पुढची. चालू इंजिनाच्या एकेका प्लगची वायर कोरड्या फडक्यानं धरून काढायचा. वायर काढल्यावर आवाज बिघडला तर तो प्लग कामाचा, काही फरक पडला नाही तर तोच कामचुकार. चारही कामाचे निघाले. मग ठिणगी पाडणारे पॉइंट बघितले, कार्बोरेटर उघडून धुतला. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मेकॅनिककडे दे म्हटलं तर तो दुखावला जायचा. माझा जीव मात्र त्या फिरणाऱ्या पंख्याजवळच्या त्याच्या बोटांत अडकलेला असायचा.

आणि या सगळ्याला हवा आवाज. म्हणजे शांतता. गाडी ठेवायचा गाळा घराला लागून, पण तोंड रस्त्याकडे. पूर्वी तिथं दुकान होतं. समोरून टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, कोपऱ्यावर तालमीच्या मंडळाचा स्पीकर. आमच्या गावात हळू बोलणारा माणूस आजारी समजला जातो. अशा गोंगाटात इंजिनाची बारीक चूक ऐकू यायची कशी? म्हणून अण्णा शटर खाली ओढायचा. मोठा पेचकस इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. इंजिन टिकेना म्हणून चोक ओढून पेट्रोल जास्त सोडायचा, म्हणजे धूर आणखी. बाहेर आला की डोकं धरायचा, मळमळतं म्हणायचा. वहिनी पित्त समजून कोकमाचं सरबत द्यायची. शहाणीसुरती माणसं आम्ही, पण धूर आणि डोकेदुखी यांची सांगड एकालाही घालता आली नाही.

एका रविवारी मी सकाळी सहज अण्णाकडे गेले होते. वहिनी देवळात. गाळ्यातून इंजिनाचा तो अडखळणारा आवाज येत होता. मी हाक मारली. आवाज चालूच, माणसाचा मात्र नाही. पुन्हा हाक मारली... शटरला हात लावला तर पत्रा थरथरत होता. मला वर ढकलता येईना. खाली वाकून फटीतून बघितलं तर अण्णाची चप्पल दिसली, आणि चपलेत पाय. त्या क्षणी जी भीती वाटली ती आयुष्यभराच्या सगळ्या भीतींपेक्षा वेगळी होती. तिला आवाजच नव्हता. शेजारचे पाटील धावत आले, त्यांनी शटर वर केलं. अण्णा चाकाला टेकून बसला होता, चेहरा लालबुंद. माझ्याकडे बघून हसला आणि जड जिभेनं म्हणाला, "शाले, आता जरा बरी चालतीया बघ." आम्ही त्याला ओढत रस्त्यावर आणलं. उलटी झाली, मग तो भानावर आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. इंजिनाच्या धुरातला हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला झोप येते आणि झोपेतच संपतो. अण्णा खाली मान घालून ऐकत होता. मी तिथंच त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. "शटर परत ओढणार न्हाय म्हन." तो म्हणाला, "न्हाय ओढत." पण मला त्याचा भरवसा वाटेना. ऐकण्याचं त्याला व्यसन होतं, आणि व्यसनी माणसाची शपथ कुणी मानावी?

पुढच्या महिन्यात गाडी रस्त्यावर ढकलून त्यानं मलाच कामाला लावलं. स्वतः खुर्चीवर बसला आणि माझ्या हातात तेलाची बुधली दिली. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू कसाही फिरवला तरी फरक पडत नाही, म्हणजे कार्बोरेटर जिथं इंजिनावर बसतो तिथून ते चोरून हवा ओढत असणार, असा त्याचा हिशेब होता. त्या सांध्यावर एकेक थेंब सोडायचा, फट जिथं असेल तिथं तेल घटकाभर बूच मारणार. मी पदर कमरेला खोचला आणि श्वास धरून थेंब सोडत गेले. मागच्या कोपऱ्यात थेंब पडला आणि इंजिन एकदम शांत झालं. थरथर गेली. दोन-चार क्षणच, मग पुन्हा सुरू. "थांब," अण्णा म्हणाला. "हितंच." आतलं पॅकिंग आक्रसलं होतं, तळहाताएवढा एक तुकडा. तो बदलला आणि गाडी देवघरातल्या समईसारखी संथ चालायला लागली.

म्हणजे दुखणं संपलं होतं. तरी अण्णा रोज सकाळी गाडी चालू करून ऐकायचा, आता नुसत्या कौतुकानं. तो गेला ती सकाळही तसलीच. वहिनीनं सांगितलं, "मी च्या घिऊन आलो तर गाडी चालू, आन् हे खाली." मला पुढचं विचारायचं होतं, आणि विचारायचं धाडस नव्हतं. फोनवर ती 'उघडंच हाय' म्हणाली खरी, पण मला आजवर कोण खरं बोललं? पाटील भेटले, तेही म्हणाले, "ताई, शटर उघडंच हुतं की." दोघांचे शब्द तेच, जणू ठरवून घेतलेले. झोपेत जाण्याआधी अण्णा पुन्हा तसाच हसला असेल का, हे मनात आलं की मी हातातलं काम टाकून उठायचे. हृदय बंद पडून गेला तर ते नशीब. पण शटर ओढून गेला असेल तर माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलून गेला. त्याच्या मरणापेक्षा मी त्या खोट्याला भीत होते. गाळ्याकडे न बघता मी मागच्या दारानं घरात शिरायचे.

परवा वहिनी म्हणाली, गाळ्यात भटकी कुत्री शिरतात, गाडीच्या सीटवर झोपतात. मी म्हटलं, मग शटर ओढून घेऊ. आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच गाळ्यात गेले. स्टुलावर चढून शटरची खालची कड धरली आणि ओढली. हलेना. अंगाचा भार टाकला, लोंबकळले म्हणा, तरी हलेना. मग वर बघितलं. शटर ज्यांतून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना, गुंडाळलेल्या शटरच्या लगेच खाली, भोकं पाडून जाड बोल्ट आरपार बसवले होते. नट घट्ट, आणि ते पुन्हा कुणाला सोडवता येऊ नयेत म्हणून बोल्टची टोकं हातोडीनं ठेचलेली. मी बोट लावलं तर बोटाला गंज लागला. जुना, चांगला मुरलेला गंज. मी स्टुलावरून उतरले आणि गाडीच्या बंपरवर बसले. कितीतरी वेळ रडत होते.

वहिनी चहा घेऊन आली आणि वर बघत म्हणाली, "दिसलं व्हय तुमास्नी? दवाखान्यातनं आल्यावर दुसऱ्याच दिवशी ठोकलं त्येनी. तुमास्नी सांगू नगंस म्हनलं हुतं."

"का?"

"म्हनले, शटर हाताशी ऱ्हायलं तर मी ओढणार, मला माझंच भ्या वाटतंय. पर मी बी भितोय हे शालीला कळलं, तर ती कुनाच्या जिवावर ऱ्हाईल?"

चहा निवून गेला. वहिनीनं विचारलं, लोहाराला बोलावून बोल्ट कापून घ्यायचे का? मी नको म्हटलं. कुत्र्यांसाठी आम्ही खाली एक फळी आडवी लावली आहे.