हळदीचा दिवस धरायचा की नाही

लातूरला नोकरी लागली तेव्हा मी घरी 'सॉफ्टवेअर कंपनी' एवढंच सांगितलं होतं. कंपनीत मला धरून तीन माणसं आहेत, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो. दुसरी मी. तिसरे सहकारी नांदेडला बसायचे, कारण आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक कोचिंग क्लास, नांदेडला होता. गंमत म्हणजे मी मूळची हदगावची, म्हणजे नांदेडकडची, आणि कामाला लातूरला. ते मुरुडचे, म्हणजे लातूरकडचे, आणि कामाला नांदेडला. आमची अदलाबदल करावी असं सरांना कधी सुचलं नाही आणि आम्ही दोघांनीही सुचवलं नाही. मला घरापासून जरा लांबच बरं वाटत होतं. त्यांचं कारण मला माहीत नव्हतं, कारण आमचं बोलणं फक्त फोनवर आणि फक्त कामापुरतं. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

आमचं सॉफ्टवेअर क्लासेसची वेळापत्रकं लावायचं. कोणते शिक्षक, कोणती बॅच, कोणती खोली, किती वाजता. आणि हे सगळं सर स्मॉलटॉकमध्ये करायचे. ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा. लातुरात ती येणारे आम्ही दोघंच असू, त्यातही मला सरांनीच शिकवलेली. सर पूर्वी पुण्यात एका कंपनीत ती भाषा शिकले आणि मग त्यांना दुसरी कुठलीच पटेना. क्लासवाले विचारायचे, "बाकीचे लोक हे वापरत नाहीत का?" सर म्हणायचे, "बाकीच्यांना सवय नाही."

या भाषेत कोडच्या सुट्या फाइली नसतात. सगळा संसार एकाच मोठ्या फाइलीत असतो, तिला इमेज म्हणतात. संध्याकाळी इमेज सेव्ह करून घरी जायचं. सकाळी उघडली की उघड्या खिडक्या, अर्धवट लिहिलेली ओळ, सगळं होतं तसं समोर. प्रोग्रामचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना मेथड म्हणतात. एखादी मेथड बदलली तरी जुनी जात नाही. यादी उघडली की तिची आधीची सगळी रूपं दिसतात, आणि प्रत्येकापुढे ते कुणी केलं त्याची आद्याक्षरं.

भानगड त्या आद्याक्षरांतच झाली. माझी आणि नांदेडच्या सहकाऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं एकच होती. तिन्ही. सुरुवातीला सर यावर हसले होते. पण आम्ही आठवड्याचं काम सर्व्हरवर ठेवायचो तेव्हा गठ्ठ्याचं नाव आपोआप पडायचं, आद्याक्षरं आणि आपापल्या मशीनवरचा पुढचा क्रमांक. एका शुक्रवारी दुपारी मी माझं काम ठेवलं. तासाभरानं त्यांनी त्यांचं ठेवलं. आद्याक्षरं तीच, क्रमांक तोच. त्यांचा गठ्ठा माझ्या गठ्ठ्यावर बसला आणि माझा सर्व्हरवरून गायब झाला.

मी फोन लावला. "तुम्ही माझं काम पुसलं."

"मी कशाला पुसू? माझ्याच नावाचं होतं ते."

"माझंही तेच नाव आहे."

"मग तुमी बदला की."

"मी का बदलू? मी आधी ठेवलं होतं."

"पन मी कंपनीत आधी आलोय."

काम काही कायमचं गेलं नव्हतं. माझ्या मशीनवरच्या इमेजमध्ये ते जिवंत होतं. आता दोघांचं काम शेजारी शेजारी लावून एक करायचं होतं, म्हणजे मर्ज. जिथं दोघांनीही तीच मेथड बदललेली असते तिथं कुणाची ठेवायची हे ठरवावं लागतं. शनिवारभर आम्ही फोनवर ते ठरवत होतो, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी फोन ठेवून देत होतं. मग दुसऱ्यानं सरांना लावायचा. संध्याकाळी सर वैतागले. "समोरासमोर बसून भांडा. सोमवारी क्लासला द्यायचंय. उद्या तुम्ही लातूरला या," स्पीकरवरच्या फोनवर ते सहकाऱ्यांना म्हणाले.

"मीच का येऊ?" ते म्हणाले.

"मग ही येईल नांदेडला."

"मी का जाऊ?" मी म्हणाले.

सरांनी नकाशा उघडला. मग म्हणाले, "अहमदपूर. दोघांनाही सारखं पडतं."

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन चाकूरमार्गे अहमदपूरला उतरले. स्टँडसमोरच्या हॉटेलात एक चौकटीच्या शर्टातले गृहस्थ लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून बसले होते. फोनवरच्या आवाजावरून मी आडदांड माणूस धरून चालले होते. हे चांगले किडकिडीत होते, आणि मला बघून उठून उभे राहिले. "मॅडम, च्या घ्या आधी," म्हणाले. मी नाष्ट्याला पोहे सांगितले. ते म्हणाले, पोह्यांचं तेल कीबोर्डला लागतं, आधी काम करू. इथंच मला कळलं की दिवस मोठा जाणार आहे.

खोल्यांच्या मेथड लवकर मिटल्या. शिक्षकांच्या रजेच्याही मिटल्या. अडलं ते लग्नतिथीपाशी.

हे सांगायला हवं. आमच्याकडं उन्हाळी बॅच एप्रिल-मेमध्ये असते आणि लग्नसराईही तेव्हाच. दाट तिथीला निम्मे शिक्षक लग्नाला जातात. पोटदुखी, गाडी पंक्चर असं काहीही सांगतात, पण जातात. म्हणून सरांनी प्रोग्राममध्ये लग्नतिथीची मेथडच घातली होती. त्या दिवशी तास लावायचे नाहीत. मी त्यात लग्नाचा एकच दिवस धरला होता. सहकाऱ्यांनी आदला दिवसही धरला होता.

"हळदीला कोन क्लास घेतंय, मॅडम?" ते म्हणाले.

"हळद घरच्यांची असते. सगळ्यांना कशाला सुट्टी?"

"तुमच्याकडं आसंल तसं. आमच्यात हळदीला गाव आसतंय."

"मला हळद नको. एकच दिवस पुरे."

"असं कसं? लग्नाची तारीख तुमची धरू, पन हळद माझी ऱ्हाऊ द्या."

"आणि नंतर सगळ्यांना तोंड कुणी द्यायचं? मीच ना?"

"दोघं मिळून देऊ की."

आमचे आवाज चढले असावेत, कारण आजूबाजूला शांत झालं होतं. हॉटेलवाल्यानं न सांगता दोन चहा आणून ठेवले आणि आपल्या हातानं टेबल पुसलं. मी मान वर केली तर मागच्या टेबलावर एसटीच्या खाकी कपड्यांत माझे मामा बसले होते. आईचे चुलतभाऊ, नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर. त्यांची गाडी तिथं चहाला थांबली होती. किती वेळ बसले होते कोण जाणे, त्यांच्या चहावर साय धरली होती.

"काय बाई, बरं हाय ना?" मामा म्हणाले.

"हो मामा. हे आमच्या ऑफिसातले."

"हाव, दिसून राहिलं." मामांनी त्यांच्याकडं पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "गाव कोणतं पाव्हणे?"

"मुरुड."

"आडनाव?"

त्यांनी सांगितलं. शेती किती ते मामांनी विचारलं, तेही सांगितलं. मामांनी मान हलवली, आमचं बिल आपणच दिलं आणि गाडीकडं गेले. "लई चांगला मानूस," सहकारी म्हणाले. शेवटी आम्ही हळदीचा दिवस धरला, पण अर्धाच, दुपारनंतरचा, आणि आपापल्या गाडीला लागलो.

चाकूरही आलं नव्हतं तोच आईचा फोन.

"तारीख काढली म्हणं तुमी."

"कसली तारीख?"

"आता लपवून काय करून राहिली? तो हळद करा म्हणून राहिला आन् तू नको म्हणून राहिली. अगं, त्याची हौस हाय तर करू दे की."

मी बसमध्ये हळू आवाजात मेथड म्हणजे काय ते सांगायला लागले. शेजारच्या बाई माझ्याकडं वळून बसल्या. आई म्हणाली, "आपल्यातला न्हाई म्हणं तो. पण तू काही भिऊ नको. बाबा बोलणार हायेत तुझ्याशी." आणि फोन ठेवला. नंतर लावला तर कुणी उचलेना.

माझे बाबा पंचायत समितीत लिपिक. गावातल्या बुद्धविहारात त्यांनी आंतरजातीय लग्नावर कितीदा तरी भाषण केलेलं. त्या भाषणाची वेळ स्वतःच्या घरात येईल असं त्यांना वाटलं नसावं. आता आली होती, आणि आईनं नंतर सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत, अंगणात फेऱ्या घालत होते. मग आत येऊन म्हणाले, "जे बोललो ते पाळावं लागतं."

सोमवारी सकाळी बाबा आणि मामा लातूरच्या ऑफिसात हजर. मी खाली प्रिंटआउट काढायला गेले होते. परत आले तर सरांनी त्यांना क्लासवाले समजून खुर्च्या दिल्या होत्या आणि पडद्यावर सॉफ्टवेअर दाखवायला सुरुवात केली होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते अदबीनं बघत होते. त्यांना बहुधा वाटलं, मुलीकडच्यांना आधी हे दाखवायची रीत असेल.

सरांचं संपल्यावर बाबा घसा साफ करून उभे राहिले. "हे बघा साहेब, मुलगी माझी एकुलती हाय. पण आमच्या मनात जातपात न्हाई. मुलगा निर्व्यसनी असला की आमची संमती हाय. त्याच्या घरच्यांचा विरोध असंल तर मी स्वतः मुरुडला जाऊन बोलतो."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "सर, नांदेडला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा."

फोन लागला. मी काही बोलायच्या आत बाबांनीच विचारलं, "पाव्हणे, मी मुलीचा बाप बोलून राहिलो. तुमचं लग्नाचं काय?"

"लग्नाचं?" पलीकडून आवाज आला. "झालंय की आमचं. पोरगी बालवाडीत हाय. का वो?"

बाबा हळूच खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. सुटल्यासारखाही होता आणि जरा उतरलेलाही. इतक्या फेऱ्या घालून मन मोठं केलं आणि ते ठेवायला जागाच नाही, असं काहीतरी. मामा म्हणाले, "मग लग्न झालेल्या माणसाला हळद कशाला पायजे?"

सरांनी लग्नतिथीची मेथड पडद्यावर उघडली आणि दोघांना ओळ न् ओळ वाचून दाखवली. मग तिची आधीची रूपं दाखवली. माझं, त्यांचं, मग कालचं एकत्र केलेलं, आणि तिन्हींपुढं तीच आद्याक्षरं. बाबांनी चष्मा लावला. एकदा समजल्यावर ते गप्प बसणारे नव्हते.

"हे चुकीचं हाय," ते म्हणाले. "अर्धा दिवस काय? आन् लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोण उठून शिकवून राहिलं? तो दिवस धरा."

"दुसरा न्हाई, दाजी," मामा म्हणाले. "पोरीला आणायला मुराळी जाते तो दिवस धरा. त्या दिवशी गाड्या फुल असतात, मी बघतो ना."

"आता मुराळी कोण जातंय?"

"तुमच्या डोळ्यापुढं जातात."

दहा मिनिटं दोघांचं चाललं. सरांना गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नाही, आणि ही माणसं आता गिऱ्हाईक नाहीत हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. त्यांनी दोघांचंही घातलं. पुढं बाबांची आद्याक्षरं टाकली. बाबांनी ती दोनदा वाचली. मग सरांनी वेळापत्रक चालवून पाहिलं. मे महिना पूर्ण कोरा आला. एकही तास नाही, एकही बॅच नाही. पहिलं लग्न संपायच्या आत दुसऱ्याची हळद लागत होती.

सरांनी यादीतून कालचं रूप निवडलं आणि तेच पुन्हा लावलं. मे महिना तासांनी भरून आला.

"माझं काढलं का?" बाबांनी विचारलं.

"काढलं नाही. यादीत आहे. हे बघा."

बाबांनी बघितलं. नाव जागेवर होतं. "असू द्या," ते म्हणाले. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की पोरीला दुपारी डबा नीट खायला लावा, ती कामाच्या नादात खात नाही. मला त्यांनी लग्नाबद्दल एक शब्द विचारला नाही. तळमजल्यावरच्या ज्यूसवाल्याकडं मात्र उसाचा रस पाजला, मामांनाही.

त्या दिवशी दुपारी काम नांदेडला पोचलं. सरांनी सहकाऱ्यांच्या आद्याक्षरांपुढं एक अक्षर वाढवलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग वाढवलेल्या अक्षरासाठी पेढे मागायला लागले. त्यांच्या बायकोचा मला फोन आला. झालेलं सगळं तिला पहिल्यापासून ऐकायचं होतं, आणि मामांच्या चहावरची साय ऐकून ती इतकी हसली की फोन मुलीनं घेतला. हदगावला मात्र वर्षभर कुणी ना कुणी आईला विचारायचं, "त्या मुरुडच्याचं काय झालं?" आई सांगायची, "आमीच नको म्हणलो." बाबा ते ऐकून घ्यायचे.

मेमध्ये पहिली दाट तिथी आली. तिच्या आदल्या दिवशी सकाळी वेळापत्रकाप्रमाणे नांदेडच्या क्लासला सगळे शिक्षक वेळेवर हजर झाले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. साडेनऊला सहकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, मास्तर सगळे आलेत."

"मग चांगलंच की."

"पोरं न्हाईत. एक बी न्हाई. सगळी हळदीला गेलीत."

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं की आता खडू कुणाला दाखवायचा. मी इमेज उघडली, लग्नतिथीची मेथड समोर घेतली आणि म्हणाले, "सांगा, कुठून सुरुवात करू?"